अनामत

मेडिकलच्या गेटासमोर, कडूनिंबाखाली,
माह्यापाशी चटया मिळतात.
एका रातीचे दहा रुपये. उशी नाही.
हिवाळ्यात गोधडी, तिचे पंधरा.
अनामत काहीही ठेवा,
आधार कार्ड सोडून. ते आत खिडकीवर लागते,
घडीघडी लागते.

लोकं ठेवतात ते मी बिस्किटाच्या डब्यात टाकते.
कोणाचं घड्याळ, कोणाची जोडवी,
एकानं तर सायकलचा पंप ठेवला होता,
त्याले झाकणच बसे ना.

मले रोग कळत नाही.
चिठ्ठीची खिडकी कवा बंद होते, ते कळते.
पहिल्या एसटीनं निघालेला माणूस पोचते
तवर ती बंद व्हायले आलेली असते.
माहा धंदा त्याच्यानंतरचा.

पुनाराम असाच आला.
पुनाराम मरसकोल्हे, देवलापारच्या पलीकडून,
हिवराटोला म्हणे.
एसटी तिथवर जात नाही.
रस्ता जाते, पण नाल्यापाशी थांबते.
संगं पोरगी, अकरा-बारा वर्षांची,
डोळे हळदीसारखे, गुडघे पोटाशी धरून.
सिकलसेल, तो म्हणाला,
आपण आडनाव सांगतो तसं.

अनामत?
त्यानं कंबरेचा करदोडा चाचपला
अन् चावी काढली.
कायची?
"दवाखान्याची."

मले वाटलं, गंमत करून राह्यला.
पण गावात उपकेंद्र आहे म्हणे, गुलाबी भिंतीचं,
भिंतीवर गरोदर बाईचं चित्र, खाली फोन नंबर.
नर्सबाईची बदली झाली त्याले दोन पावसाळे झाले.
जाताना तिनं चावी याच्या हाती दिली,
याचं घर शेजारी म्हणून.
हा दर सोमवारी उघडते, झाडते,
वजनकाट्यावरची धूळ पुसते,
कधीमधी स्वतःच त्याच्यावर उभा राहून पाहते
अन् कुलूप लावते.
गोळ्या?
होत्या. तारीख गेली.

"अन् तिकडं कोणी चावी मागायले आलं त?"
तो हसला.
"मागणारे सारे इथं लायनीत आहेत जी."

तीन राती.
पहिल्या रातीचे दहा दिले, दुसऱ्या रातीचे दिले.
मधात एकदा रक्ताच्या पिशवीसाठी
कागद घेऊन धावत बाहेर आला,
कोणाले विचारावं कळे ना, त मलेच विचारलं.
मी बोट दाखवलं.
बोट दाखवणं मले येते.

चौथ्या दिवशी पहाटे आली त
चटई झाडाच्या बुंध्याशी, गुंडाळलेली.
ओली.
नळाखाली धुतलेली.
अठरा वर्षांत कोणी मले चटई धुवून दिली नाही.
वर दगड, दगडाखाली दहाची नोट.

वॉर्डात जाऊन विचारता आलं असतं.
नाही गेली.
पोहेवाल्याची गाडी लागत होती, दोघं-तिघं गिऱ्हाईक उभं होतं,
चटया झटकायच्या होत्या.
हे सारं खरं आहे,
अन् तरी.

आता तिकडचं कोणी आलं की विचारते.
मागच्या महिन्यात एक जीपवाला म्हणे,
हिवराटोला? हाव,
तिथं मंगळवारी डॉक्टर येते, गाडीतून,
अर्धा घंटा बसते.
अन् कुलूप?
तोडलं त्यायनं. चावी सापडे ना.
पुनारामचं विचारणार होती,
पण मागून कोणीतरी हॉर्न वाजवला
अन् त्यानं गाडी काढली.

डबा हलवला की ती तळाशी वाजते.
चटई परत आली. पैसे आले.
हिशेबानं चावी माह्याजवळ असायले नाही पाहिजे.

नवीन गिऱ्हाईक विचारते,
बाई, अनामत काय ठेवू?
मी म्हणते, ठेव काहीही.
परत न्यायले ये, म्हणजे झालं.